मीठ की प्रथिन? फ्लुओरोसंट डायने स्फटिक ओळखण्याची पद्धत

एक्स-रेने रचना पाहण्यासाठी प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे असतात, आणि त्यासाठी छोट्या थेंबांचा ट्रे लावून आठवडा झालेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात धारदार कडांचा, चकचकीत खडा दिसतो. पण तो प्रथिनाचा आहे की मिठाचा? रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे थेंबासोबतच्या खाचेतल्या द्रावात, फॉस्फेट असेल आणि प्रथिनाच्या बफरमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा झिंक आले असेल, तर त्यांचे क्षार इतके देखणे स्फटिक देतात की मुरलेली नजरही फसते. जुन्या परीक्षा सगळ्यांना माहीत आहेत. सुईने दाबले की मिठाचा खडा कडकन फुटतो आणि प्रथिनाचा भुगा होतो. मिथिलीन ब्लू टाकले की ते प्रथिनाच्या स्फटिकातल्या पाण्याच्या वाटांमध्ये शिरते आणि स्फटिक निळा होतो. दोन्ही परीक्षांत थेंबाचा बळी जातो, आणि पहिला स्फटिक बहुतेक वेळा एकुलता एक असतो.

यावरचा उपाय ट्रे लावण्याआधीच करायचा: प्रथिनाच्या हजार रेणूंपैकी साधारण एकाला फ्लुओरोसंट डाय (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात चमकणारा रेणू) कायमचा जोडायचा आणि मग नेहमीसारखा ट्रे लावायचा. मार्क प्यूसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हंट्सव्हिल इथे ही रीत विकसित केली आणि २००६ साली सविस्तर मांडली. डायचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली ठेवले तर स्फटिक वाढण्यात अडथळा येत नाही, हा तिचा पाया आहे.

चमक नेमकी कशाची दिसते

कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमचे उदाहरण घेऊ. नवशिक्यांनी सराव याच प्रथिनावर करावा. त्याच्या चौकोनी स्फटिकाचा एकक कोष (पुन्हा पुन्हा येणारा लहानात लहान ठोकळा) सुमारे ७९ × ७९ × ३८ अँगस्ट्रॉम असतो आणि त्यात आठ रेणू बसतात. हिशेब केला तर स्फटिकात दर मिलिलिटरला सुमारे ८०० मिलिग्रॅम प्रथिन येते. भोवतालच्या द्रावात ते १०–२० मिलिग्रॅम असते, आणि स्फटिक वाढत गेला की त्याहूनही कमी होते. म्हणजे डाय जोडलेले रेणूही स्फटिकात किमान चाळीसपट दाटीने बसतात, म्हणून तो काळ्या आभाळातल्या चांदणीसारखा उठून दिसतो. मिठाच्या खड्यात प्रथिन नसते, त्यामुळे तो अंधारा राहतो.

मग हजारात एकच का, शंभरात दहा का नकोत? पहिले कारण रचनेचे आहे. डाय म्हणजे रेणूच्या पृष्ठभागावर आलेले गाठोडे आहे. तो दोन रेणूंच्या सांध्यात आला तर ती जागा बिघडते. हजारात एक असेल तर स्फटिक ते खपवून घेतो. दुसरे कारण प्रकाशाचे. स्फटिकात प्रथिन सुमारे ५६ मिलिमोलर असते. ०.१ टक्का डाय म्हणजे ५६ मायक्रोमोलर, आणि दोन डायमधले सरासरी अंतर ३० नॅनोमीटरच्या आसपास. हेच प्रमाण १० टक्के केले तर अंतर ७ नॅनोमीटरच्या खाली येते, डाय एकमेकांचा प्रकाश गिळू लागतात आणि स्फटिक उलट मंद दिसतो. चमक कमी पडते म्हणून डाय वाढवणे ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक असते.

अतिनील प्रकाशात प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची स्वतःची चमक पाहण्याची पद्धतही आहे, आणि उपकरण हाताशी असेल तर ती जरूर वापरा. पण २८०–२९५ नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा तर क्वार्ट्झची भिंगे, अतिनील प्रकाश आरपार सोडणारे ट्रे आणि वेगळा कॅमेरा लागतो. साधी काच आणि पॉलिस्टायरीन तो प्रकाश अडवतात. शिवाय इन्सुलिन किंवा गाईच्या स्वादुपिंडातल्या रायबोन्यूक्लिएज-ए यांच्यात ट्रिप्टोफॅन मुळीच नसते, आणि हीम (लोह धरणारा रंगीत गट) असलेल्या प्रथिनांत ही चमक विझते. डायला मात्र साधी काच, साधा ट्रे आणि कोणत्याही जीवशास्त्र विभागात मिळणारा फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शक पुरतो.

डाय कोणता घ्यावा

सुरुवात कार्बोक्सिटेट्रामिथाइलऱ्होडामिनने, म्हणजे टॅम्राने करा. त्याचे सक्सिनिमिडिल एस्टर, ज्याला प्रयोगशाळेत एनएचएस एस्टर म्हणतात, ते मागवा. हा डाय ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो, ५८० च्या आसपास नारिंगी प्रकाश देतो, आणि आम्ल बफरमध्येही त्याची चमक टिकते. फ्लुओरेसिन स्वस्त असते, म्हणून हात तिकडे जातो. पण त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ६.४ च्या आसपास आहे. लायसोझाइम पीएच ४.६ ला वाढते, तिथे फ्लुओरेसिन जवळजवळ विझलेले असते. शिवाय ते प्रकाशाने लवकर उडते. टेक्सास रेड (शोषण ५९५, उत्सर्जन ६१५) चांगले आहे. पॅसिफिक ब्लू (४१० आणि ४५५) दुसरा रंग लागेल तेव्हा उपयोगी पडते. मात्र जांभळ्या-निळ्या पट्ट्यात प्लॅस्टिक, टिश्यू पेपरचे तंतू आणि कपड्यांचा धूळकचरा असे सगळेच चमकते.

आधी बफर, मग डाय

एनएचएस एस्टर प्रथिनावरच्या मोकळ्या अमाइन गटाला जाऊन चिकटते. प्रथिनाच्या साखळीचे पहिले टोक (एन-टोक) आणि लायसिन या अमिनो आम्लाच्या शेंड्या या त्याच्या जागा. लायसोझाइममध्ये सहा लायसिन आणि एक टोक, म्हणजे सात जागा. हेच एस्टर बफरमधल्या अमाइनलाही तितक्याच आवडीने चिकटते. म्हणून ट्रिस, ग्लायसिन किंवा अमोनियम सल्फेटमध्ये असलेल्या प्रथिनावर डाय टाकणे म्हणजे पैसे मोरीत ओतणे. निकेल स्तंभावर शुद्ध केलेल्या प्रथिनात इमिडाझोल असते. ते एस्टरचे विघटन वाढवते, तेव्हा तेही आधी काढून टाका. हेपेस, बोरेट आणि बायकार्बोनेट चालतात. फॉस्फेट अभिक्रियेला चालते, पण पुढे ट्रेमध्ये त्याचाच अंश जाऊन मिठाचे खडे पाडतो, म्हणून टाळलेले बरे.

पीएचचा निर्णय विचार करून घ्या. लायसिनचा पीकेए १०.५ च्या जवळ असतो, तर पहिल्या टोकाचा ८ च्या आसपास. पीएच ७.५ ला ठेवले तर डाय मुख्यतः टोकाला बसतो. बहुतेक बनवलेल्या प्रथिनांत तिथे हिस्टिडिनची शेपटी लोंबत असते, त्यामुळे स्फटिकाच्या सांध्याला धक्का लागत नाही. स्वतःच्या मौल्यवान प्रथिनासाठी पीएच ७.५ चा हेपेस घ्या. लायसोझाइमवर शिकताना बोरेट ८.५ घ्या. अभिक्रिया चटकन होते आणि चुका लवकर कळतात.

पाणी हा एस्टरचा दुसरा वैरी. पीएच ७ आणि ० अंश सेल्सियसला ते चार-पाच तास टिकते, पीएच ८.६ आणि ४ अंशाला दहा मिनिटांत निम्मे संपते. कुपी उणे २० अंशांतून काढली की उघडण्याआधी ती सिलिका जेलच्या डब्यात अर्धा-पाऊण तास ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे तर चुकवूच नका, कारण थंड कुपी उघडताच आतल्या भुकटीवर दव धरते आणि पुढच्या प्रयोगात डाय ‘चालत नाही’. डायमिथाइलफॉर्मामाइड (डीएमएफ) कोरडे, बंद बाटलीतले घ्या. ते त्वचेतून शरीरात जाते आणि गर्भाला घातक आहे. काम धूर ओढणाऱ्या कपाटात करा, आणि हातमोज्यावर थेंब पडला तर हातमोजा लगेच बदला.

कृती: लायसोझाइमवर पहिला सराव

१. साधे द्रावण. ५० मिलिग्रॅम लायसोझाइम १ मिलिलिटर २० मिलिमोलर सोडियम ॲसिटेटमध्ये (पीएच ४.६) विरघळवा. हलवताना फेस आणू नका. ४ अंशाला १४,००० आरपीएमवर १० मिनिटे फिरवून वरचा द्राव घ्या. शंभरपट पातळ करून २८० नॅनोमीटरला शोषण मोजा. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचे शोषण २.६४ असते, म्हणून १.३ च्या आसपास आकडा यायला हवा.

२. रंगवायचा वाटा. २ मिलिग्रॅम लायसोझाइम १०० मायक्रोलिटर, ५० मिलिमोलर सोडियम बोरेटमध्ये (पीएच ८.५) विरघळवा. यात १४० नॅनोमोल प्रथिन आहे.

३. डाय. टॅम्राच्या एस्टरचा रेणूभार ५२७.५. १ मिलिग्रॅम ३८० मायक्रोलिटर डीएमएफमध्ये म्हणजे ५ मिलिमोलर. त्यातून १० मायक्रोलिटर घेऊन ४० मायक्रोलिटर डीएमएफ घाला, १ मिलिमोलर झाले. उरलेले ५ मिलिमोलर द्रावण १० मायक्रोलिटरच्या वाट्यांत करून उणे २० ला ठेवा. एकदा वितळवलेला वाटा परत गोठवू नका.

४. जोडणी. प्रथिनात ३ मायक्रोलिटर (३ नॅनोमोल) डाय घाला. पिपेटचे टोक द्रावात बुडवून, दुसऱ्या हाताने नळी हलवत हळू सोडा. एकाच जागी ओतले तर तिथल्या रेणूंना तीन-तीन डाय लागतात आणि बाकीचे कोरडे राहतात. सरासरी बरोबर आली तरी अशा माखलेल्या रेणूंचा उपयोग नसतो. नळी फॉइलमध्ये गुंडाळून खोलीच्या तापमानाला २० मिनिटे ठेवा.

५. मोकळा डाय काढणे. या पायरीत घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. ७ किलोडाल्टन मर्यादेचा अर्धा मिलिलिटरचा डीसॉल्टिंग स्पिन स्तंभ घ्या. २० मिलिमोलर ॲसिटेटने ३०० मायक्रोलिटर असे तीनदा धुवा, दर वेळी १,५०० जी वर १ मिनिट. मग नमुना मधोमध सोडून त्याच वेगाने २ मिनिटे फिरवा. स्तंभाच्या वरच्या भागात गुलाबी पट्टा अडकलेला दिसला पाहिजे. खाली येणारा द्रावही गुलाबीच असेल. शंका वाटली तर दुसऱ्या नव्या स्तंभातून पुन्हा काढा. वर पुन्हा गुलाबी पट्टा उरला, तर पहिल्यांदा स्वच्छ झाले नव्हते.

६. मोजणी. एक सेंटिमीटरच्या छोट्या क्युव्हेटमध्ये ५५५ नॅनोमीटरला शोषण घ्या आणि ८०,००० ने भागा, डायची मोलर संहती मिळेल. प्रथिनाची संहती पातळ करून २८० ला मोजा (मोलर गुणांक ३७,८००). दोन्हींचे गुणोत्तर काढा. घातलेल्या डायपैकी निम्मा-अधिक पाण्यानेच खाल्लेला असतो, म्हणून उत्तर एक टक्क्याच्या आसपास येणे अपेक्षित आहे, आणि ५५५ चा आकडा १ च्या जवळपास. एक मायक्रोलिटरवर मोजणाऱ्या यंत्रात प्रकाशाची वाट फक्त १ मिलिमीटर असते. रंगवलेला वाटा त्यात मोजता येतो, पण शेवटचे ०.१ टक्क्याचे मिश्रण मोजू नका. तिथला आकडा म्हणजे निव्वळ गोंधळ असतो.

७. मिसळणे. १ टक्का रंगवलेला १०० मायक्रोलिटर वाटा आणि ३६० मायक्रोलिटर साधे द्रावण एकत्र करा. एकूण २० मिलिग्रॅम प्रथिन, दर मिलिलिटरला सुमारे ४३ मिलिग्रॅम, आणि डाय ०.१ टक्का. नळीत किंचित गुलाबी झाक दिसेल. दोन मायक्रोलिटरच्या थेंबात मात्र रंग दिसता कामा नये. थेंब डोळ्यांना गुलाबी दिसत असेल तर डाय जास्त झाला आहे.

८. ट्रे. २४ खाचांच्या ट्रेमध्ये ५०० मायक्रोलिटर रिझर्व्हॉयर: ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट पीएच ४.६ आणि ४, ५, ६, ७, ८ टक्के साधे मीठ (सोडियम क्लोराइड). सिलिकॉन लावलेल्या कव्हरस्लिपवर १ मायक्रोलिटर प्रथिन, १ मायक्रोलिटर रिझर्व्हॉयर, उलटून ग्रीसवर दाबा. पहिली ओळ रंगवलेल्या प्रथिनाची, दुसरी न रंगवलेल्याची, तिसरी प्रथिनाऐवजी नुसत्या बफरची. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीसाठी कंटाळा करू नका. डायमुळे स्फटिक बदलला का आणि मीठ आपोआप बसते का, या दोन प्रश्नांची उत्तरे दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

ट्रे २० अंशाला अंधारात ठेवा. एका दिवसात स्फटिक दिसू लागतात.

पाहताना

५३०–५५० नॅनोमीटरचा प्रकाश आत, ५७५ च्या पुढचा बाहेर, असा फिल्टरसंच लावा. फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शक नसेल तर साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकावरही काम करता येते: हिरवा एलईडी, त्याच्यापुढे अरुंद पट्ट्याचा फिल्टर, आणि कॅमेऱ्यापुढे ५८० च्या आसपासचा लाँगपास (त्याहून लांब लहरींचाच प्रकाश सोडणारा) फिल्टर. एलईडीपुढचा फिल्टर गाळलात तर एलईडीच्या लांब शेपटीचा प्रकाश थेट कॅमेऱ्यात येतो आणि सगळा थेंब ‘चमकतो’.

कॅमेऱ्याचा एक्स्पोजर असा ठरवा की स्फटिक नसलेला, स्वच्छ थेंब जेमतेम राखाडी दिसेल. ५० ते १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. एकदा ठरला की तो पूर्ण ट्रेला तोच ठेवा. आपोआप एक्स्पोजर बंदच करा, कारण तो रिकाम्या थेंबालाही उजळून दाखवतो. प्रत्येक थेंबाचे दोन फोटो, आधी साध्या प्रकाशात, मग फ्लुओरोसन्समध्ये, एकाच जागेवर घ्या. नुसता दुसरा फोटो पाहून ठरवू नका. फोटो नसेल तेव्हा शटर बंद.

दिसले ते कसे वाचावे

चमक म्हणजे दाट प्रथिन. ते स्फटिक असेलच असे नाही. हे एकदा मनात पक्के बसले की पुढचे सगळे वाचन सोपे होते.

कडा सरळ, कोन ठळक आणि आतून सगळीकडे सारखी चमक असेल, तर तो प्रथिनाचा स्फटिक मानायला हरकत नाही. साध्या प्रकाशात ठळक आणि फ्लुओरोसन्समध्ये काळे भोक दिसत असेल, तर बहुधा मीठ. पण मिठाच्या खड्याची फक्त कड उजळ दिसू शकते, कारण भोवतालच्या द्रावाची चमक त्या कडेवर वळते. खड्याचे पोट पाहा, कड नव्हे. पोट भोवतालच्या द्रावापेक्षा उजळ नसेल तर तो प्रथिनाचा नाही.

गोल, मऊ, उजळ ठिपके हे बहुधा प्रथिन वेगळे होऊन बनलेले तेलकट थेंब असतात. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) असलेल्या द्रावांत हे नेहमी दिसतात. त्यांना स्फटिक म्हणू नका, पण फेकूनही देऊ नका. प्रथिन किंवा पीईजी थोडे कमी करून पुन्हा लावा. थेंबाच्या कडेला उजळ सुरकुत्या दिसल्या तर ती हवेलगत जमलेली साय आहे.

खरा खजिना साक्यात, म्हणजे तळाशी बसलेल्या गाळात, असतो. साध्या प्रकाशात तपकिरी गाळ दिसला की आपण त्या थेंबावर फुली मारतो. फ्लुओरोसन्समध्ये त्याच गाळात बारीक, टोकदार, बाकीच्यापेक्षा कितीतरी उजळ ठिपके दिसले, तर तिथे सूक्ष्म स्फटिक असण्याची शक्यता मोठी असते. अस्ताव्यस्त साका मंद आणि पसरट चमकतो, नीट रचलेला स्फटिक जास्त दाट म्हणून जास्त उजळ. असे थेंब वहीत स्वतंत्र नोंदवा आणि त्यांच्याभोवती क्षार, पीएच, प्रथिनाचे प्रमाण बदलून जाळे टाका. एवढ्या एका कारणासाठीही ही पद्धत शिकण्यासारखी आहे.

उलट अडचणही असते. क्वचित डाय लागलेले रेणू स्फटिकात बसतच नाहीत. तेव्हा प्रथिनाचा स्फटिकही अंधारा आणि भोवतालचा द्राव उजळ दिसतो. म्हणून बफरच्या ओळीत मीठ बसलेले नसेल, तर अंधारा खडा टाकून देण्याआधी एक्स-रेला दाखवा.

बिघडते तेव्हा

काहीच चमकत नाही: एस्टर ओले झाले किंवा बफरमध्ये अमाइन राहिले. पायरी ६ चा आकडा पाहा. तिथेच शून्य आले असेल तर ट्रे लावायला नको होता. सगळेच चमकते, मिठाचे खडेसुद्धा: मोकळा डाय शिल्लक आहे. तो खड्यांवर आणि ग्रीसवर चिकटतो. रंगवलेल्या ओळीत स्फटिक नाहीत, दुसऱ्या ओळीत आहेत: डाय जास्त झाला, किंवा बोरेट थेंबात गेल्यामुळे पीएच सरकला. स्तंभ ॲसिटेटने नीट धुतला होता का, हे आधी तपासा. दोन-चार दिवसांत सगळा ट्रे मंद पडला: प्रकाशाने डाय उडाला, ट्रे उघड्या टेबलावर राहिला होता.

ट्रे आधीच लावला असेल तर

न रंगवलेल्या थेंबातल्या स्फटिकासाठी १,८-ॲनिलिनोनॅप्थलिनसल्फोनेट, म्हणजे एएनएस, वापरता येते. ते प्रथिनाला जोडावे लागत नाही. पाण्यात ते जवळजवळ चमकत नाही. प्रथिनातल्या पाणी नको असलेल्या खाचांत शिरले की ३७५ च्या आसपासच्या प्रकाशात ४७०–४८० नॅनोमीटरला निळसर चमकते. रिझर्व्हॉयरच्याच द्रावात १ मिलिमोलर करून दोन मायक्रोलिटरच्या थेंबाला ०.१–०.२ मायक्रोलिटर कडेने लावा. नुसत्या पाण्यात बनवलेले घातले तर थेंब पातळ होऊन स्फटिक विरघळू लागतो. थेंबात डिटर्जंट असेल तर त्याचे मायसेल (रेणूंचे पुंजके) चमकतात, आणि उलगडलेल्या प्रथिनाचा साका स्फटिकापेक्षाही जास्त चमकतो. म्हणून डिटर्जंटमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या पटल-प्रथिनांसाठी (पेशीच्या पटलातल्या प्रथिनांसाठी) एएनएसवर भिस्त ठेवू नका.

दोन प्रथिने एकत्र असतील तर

संकुलाच्या, म्हणजे एकमेकांना धरून राहणाऱ्या दोन प्रथिनांच्या, कामात सगळ्यात वाईट फसवणूक अशी: स्फटिक मिळतो, एक्स-रे होतो, आणि त्यात एकच भागीदार निघतो. एका प्रथिनाला टॅम्रा आणि दुसऱ्याला पॅसिफिक ब्लू लावा, दोन्ही ०.१ टक्क्याने, वेगवेगळ्या नळ्यांत, आणि मोकळा डाय काढल्यावरच एकत्र करा. एकच स्फटिक दोन्ही फिल्टरसंचांत उजळला तर दोघे आत आहेत. एकातच उजळला तर महिने वाचले.

स्फटिक एक्स-रेला नेताना, इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरच्या पीएक्स-बीएल२१ या किरणरेषेवर असो की प्रयोगशाळेतल्या यंत्रावर, शक्य असेल तर त्याच अटीतल्या न रंगवलेल्या ओळीतला जुळा स्फटिक सोबत गोठवा. लूपवर (स्फटिक उचलण्याच्या बारीक फाशावर) आणि वहीत ओळ, खाच, डायचे मोजलेले प्रमाण आणि दोन्ही फोटोंचे क्रमांक लिहा.